विजेच्या भट्टीचा शिरस्ता

ज्या घरात वीस-पंचवीस वर्षे गॅसच्या शेगडीवर कुकर चढवून, त्याची शिट्टी आणि रिंग काढून ठेवून, बुडाशी दोन बोटे वाळू पसरून, वाळूवर तिवई आणि तिवईवर डबा अशा चोख बंदोबस्तात केक भाजले गेले, त्या घरी एखाद्या दिवाळीत लेकीने किंवा सुनेने हौसेने पाठवलेला विजेचा ओव्हन दाखल झाला, म्हणजे पहिले आठ दिवस कौतुकाचा आणि पुढचे आठ दिवस निराशेचा जो कारभार चालतो, तो मी माझ्या घरी भोगला आहे आणि शेजारच्या दोन-तीन घरांतून ऐकला आहे. कौतुक अर्थातच यंत्राच्या रूपाचे असते आणि निराशा त्यातून निघालेल्या केकची. माझा पहिला रव्याचा केक विसाव्या मिनिटाला जुन्या चामडी चपलेच्या रंगाचा झाला, पंचविसाव्या मिनिटाला मधोमध तडकला, आणि त्या भेगेतून कच्चे पीठ सावकाश वर येऊन वाहू लागले. काचेच्या दारापाशी मांडी ठोकून हा देखावा पाहणाऱ्या माझ्या नातवाला त्याचा फार आनंद झाला, मला झाला नाही.

असे एक-दोन प्रसंग घडले, की ‘विजेच्या ओव्हनला गॅसची सर नाही’ असा फैसला होऊन ते यंत्र माळ्यावर चढते आणि कुकर पुन्हा खाली उतरतो. हा फैसला एकतर्फी आहे, कारण त्यात ओव्हनची कैफियत कोणी ऐकून घेतलेली नसते. वस्तुस्थिती अशी, की आपला हात वर्षानुवर्षे एका प्रकारच्या आचेवर घडलेला असतो, त्या आचेचे दोष झाकण्याच्या अनेक युक्त्या त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात, आणि आच बदलली तरी हात मात्र जुन्याच शिरस्त्याने, जुन्याच शत्रूविरुद्ध लढत राहतो. तेव्हा आधी आच नेमकी कोठे बदलली, हे समजून घेणे अगत्याचे आहे. ते समजले, म्हणजे पुढचे बहुतेक नियम न सांगताही सुचतील.

आरंभीच एक गफलत दूर केलेली बरी. आपल्याकडे ‘ओव्हन’ हा शब्द मायक्रोवेव्हलाही सर्रास लावला जातो. पण केवळ अन्न गरम करण्याचे ते यंत्र या लेखाच्या कक्षेत येत नाही, कारण त्यात पदार्थ शिजतो, खरपूस भाजला जात नाही. येथे अभिप्रेत आहे तो वर आणि खाली तापणाऱ्या सळ्या असलेला, बाजारात ओटीजी या नावाने मिळणारा चौकोनी ओव्हन.

कुकरमध्ये सारी उष्णता खालून येते. ज्योत बुडाला लागते, बूड वाळूला तापवते, वाळू डब्याला. वरच्या बाजूस पिठाला मिळते ती केवळ झाकणाखाली कोंडलेली गरम हवा आणि पिठातूनच निघालेली वाफ. गॅसवर ठेवायचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला तो गोल अल्युमिनियमचा ओव्हन घ्या, किंवा काही घरांतून अजून दिसणारी, खाली भट्टी आणि वर चार बर्नर असलेली शेगडी घ्या. ज्योत तळाशीच असल्यामुळे थोड्याफार फरकाने प्रकार तोच. त्यामुळे आपल्या साऱ्या खबरदाऱ्या बुडाच्या रक्षणासाठी योजलेल्या असतात. डबा जाड बुडाचा घ्यावा, तळाशी तूप लावलेला कागद दुहेरी घालावा, ज्योत अगदी लहान ठेवावी, वाळू भरपूर घ्यावी. आणि वरचा भाग फिकट राहिला तर तो उलटा करून ताटलीत काढावा, म्हणजे पाहुण्यांस दिसणार नाही. या शेवटच्या युक्तीवर आमच्या पिढीने अनेक वाढदिवस निभावून नेले आहेत.

विजेच्या ओव्हनात शत्रू वरून येतो. वरची सळी लालभडक झाली, की तिच्यातून निघणारी उष्णता उन्हासारखी थेट पिठाच्या अंगावर पडते. हवा तापून, भांडे तापून, मग पीठ तापावे एवढा तिला धीर नसतो. माझ्या पहिल्या केकचा डबा मी उत्साहाच्या भरात वरच्या खाचेतील जाळीवर ठेवला होता. तेथून सळी जेमतेम तीन बोटांवर होती. केक फुगून एक बोट वर आल्यावर अंतर उरले दोन बोटांचे, आणि मग जे झाले ते वर सांगितलेच आहे. पृष्ठभाग आधी कडक झाला, आतील पीठ अजून फुगायचे होते, त्याला वाट मिळेना, तेव्हा त्याने ती फोडून काढली. यात चूक ना रव्याची, ना सोड्याची.

यावरून पहिली तजवीज अशी, की डबा जाळीवर ठेवल्यावर डब्याचा, जाळीचा नव्हे, मध्य ओव्हनच्या मध्याशी यावा. वीस-पंचवीस लिटरांच्या लहान ओव्हनात, उंच डबा असेल तर, ही जाळी बहुधा सगळ्यात खालच्या खाचेत जाते. दुसरी तजवीज सळ्यांच्या निवडीची. बहुतेक ओव्हनांवर खालची सळी, वरची सळी आणि दोन्ही असे फिरवायचे बटण असते. ओव्हन मोठा असेल तर दोन्ही सळ्यांवर केक उत्तम होतो, पण लहान ओव्हनात मी पहिली पंचवीस मिनिटे फक्त खालची सळी ठेवते आणि केक पुरता फुगून कडेने किंचित सुटू लागला, म्हणजे शेवटची आठ-दहा मिनिटे दोन्ही चालू करते. त्याने वरचा रंग आपल्या हुकमाप्रमाणे, हवा तेवढाच चढतो. तरीही वरून घाई होते आहे असे दिसले, तर अल्युमिनियमचा पातळ कागद केकवर सैल टोपीसारखा घालावा, मात्र तो सळीला चिकटणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. आणि बुडाच्या दुहेरी कागदाची, जाड डब्याची आता गरज नाही. पातळ, चकचकीत अल्युमिनियमचा साधा डबा येथे अधिक चांगला. काळ्या लेपाचा डबा उष्णता अधिक ओढतो आणि काच एकदा तापली की सोडत नाही, म्हणून त्या दोहोंसाठी आकडा दहा-पंधरा अंशांनी खाली आणावा, एवढे सांगितले की भांड्यांचे प्रकरण संपले. वाळू किंवा मीठ मात्र या ओव्हनात चुकूनही पसरू नये. जुन्या सवयीने तसे करणारी एक बाई मला ठाऊक आहे, आणि ती मीच.

दुसरा फरक ओलाव्याचा, आणि तो डोळ्यांस दिसत नसल्यामुळे अधिक फसवा. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. तो जळताना त्यातील हायड्रोजनाचा प्राणवायूशी संयोग होऊन पाणी तयार होते, आणि हे पाणी थोडेथोडके नसते. एक किलो गॅस पुरता जळला, तर दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे आपल्या दारी येणाऱ्या १४.२ किलोच्या एका सिलिंडरात सुमारे बावीस लिटर पाणी दडलेले आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. ज्या भट्टीत जळलेला वायू पदार्थाच्या अंगावरून जातो, तेथील हवा त्यामुळे सदैव दमट असते. कुकरमध्ये ज्योतीची वाफ आत शिरत नाही हे खरे, पण तेथे पिठाची स्वतःची वाफ झाकणाखाली कोंडून राहते आणि परिणाम तोच होतो: पृष्ठभाग बराच वेळ ओलसर व लवचीक राहतो, पीठ निवांत फुगते, केक मऊ होतो आणि दुसऱ्या दिवशीही मऊच राहतो. विजेच्या तारेतून पाणी निघत नाही. शिवाय ओटीजीच्या दाराच्या फटींतून पिठाची वाफही निसटत राहते, त्यामुळे आतील हवा वैशाखातल्या विदर्भासारखी कोरडी असते.

या कोरडेपणाला दोष म्हणावे की गुण, हे पदार्थावर अवलंबून आहे. नानकटाई, खारी, बिस्किटे, टोस्ट यांना तो वरदान आहे. कुकरमधली नानकटाई कितीही जपली तरी तिच्यात एक सादळलेपण राहतेच, आणि ज्याने बेकरीच्या भट्टीतली खाल्ली आहे त्याला ते लगेच कळते. केकसाठी मात्र थोडी भरपाई करावी लागते. कुकरच्या प्रमाणात बसवलेल्या रव्याच्या केकच्या मिश्रणात मी दोन मोठे चमचे दूध अधिक घालते, आणि भाजण्याचा वेळ पाच मिनिटांनी आखडता घेते, कारण जास्तीची पाच मिनिटे म्हणजे दुसऱ्या दिवशीचा भुसभुशीत केक. पावाच्या बाबतीत याहून स्पष्ट उपाय आहे. ओव्हन तापत असतानाच खालच्या ट्रेमध्ये स्टीलची रुंद वाटी ठेवावी, पाव आत सारताना तिच्यात उकळते पाणी ओतावे, आणि पहिली दहा मिनिटे दार उघडू नये. पाव पुरता फुगल्यावर वाटी काढून घ्यावी म्हणजे शेवटी कवच खुसखुशीत होते. पाणी ओतताना ते सळीवर किंवा तापलेल्या काचेवर उडू देऊ नये. काच तडकण्याचा आवाज एकदा ऐकला, की पुन्हा ताकीद द्यावी लागत नाही.

आता तिसरा आणि सर्वांत नाजूक मामला: चकतीवरचा आकडा. गॅसवर आच डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते. ज्योत निळी आहे की पिवळी, बर्नर कुजबुजतो आहे की फुरफुरतो आहे, वाळूचा वास सुटला की नाही, यावरून बाई स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला कोथिंबीर निवडता निवडता अंदाज बांधते आणि वाटेत हात लांबवून चावी चिमूटभर फिरवते. विजेच्या ओव्हनात हे सारे ज्ञान निरुपयोगी ठरते आणि त्याच्या जागी येतो एक आकडा, ज्यावर आपण सरकारी कागदावरच्या शिक्क्याइतका भाबडा इतबार ठेवतो. तो तेवढ्या इतबाराच्या लायकीचा नाही. साध्या ओटीजीत तापमान राखण्याचे काम बहुधा दोन धातूंची एक जोडपट्टी करते. दोन्ही धातू तापल्यावर कमीअधिक प्रसरण पावतात, त्यामुळे पट्टी वाकते, वाकली की विद्युत्‌प्रवाह तुटतो, निवून सरळ झाली की पुन्हा जुळतो. ही पट्टी ओव्हनच्या एका कडेला बसलेली असते आणि तिला कळते ते तिच्या कोपऱ्यातले तापमान. मधोमध ठेवलेल्या केकवर काय गुदरते आहे, याची तिला गंधवार्ता नसते. शिवाय तिला वाकायला आणि सरळ व्हायला वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्ष उष्णता ठरवलेल्या आकड्याच्या वर आणि खाली हेलकावे खात राहते.

मी ओव्हनात ठेवायचा लहानसा तापमापक विकत आणला, जाळीच्या मध्यावर उभा केला आणि चकती १८० वर लावून दारापाशी स्टूल घेऊन बसले. अकराव्या मिनिटाला ओव्हनचा लाल दिवा विझला, म्हणजे यंत्राच्या मते काम फत्ते झाले. त्या वेळी तापमापकाचा काटा २०५ वर होता. पाहता पाहता तो १७० पर्यंत उतरला, दिवा पुन्हा लागला, काटा चढला, पण या वेळी १९५ वर थांबला; तिसऱ्या फेरीनंतर तो १७५ आणि १९० यांच्या दरम्यान झुलू लागला. याचा अर्थ, दिवा पहिल्यांदा विझला त्या क्षणी मी केक आत ठेवला असता, तर तो २०५ अंशांच्या भट्टीत गेला असता. म्हणून माझा नियम असा, की दिवा पहिल्यांदा विझला म्हणजे डब्यात मिश्रण ओतायला घ्यावे आणि तिसऱ्यांदा विझला म्हणजे डबा आत ठेवावा. तापमापक आणणे शक्य नसेल, तर स्लाइस पावाचे तुकडे जाळीभर एकमेकांना चिकटून मांडावेत आणि १८० वर आठ-दहा मिनिटे भाजावेत. ते बाहेर काढून पाहिले, की ओव्हनचा नकाशाच हाती येतो. माझ्या ओव्हनात मागची उजवी बाजू काळपट निघाली आणि दाराजवळची ओळ पांढरी राहिली. तेव्हापासून नानकटाईचा ट्रे मी अर्ध्या वेळानंतर एकदा फिरवते. ओव्हनात पंखा असेल तर हवा फिरत राहून हा भेद बराच कमी होतो, पण मग आकडाही पंधरा-वीस अंशांनी कमी करावा लागतो आणि पदार्थाकडे पाच मिनिटे आधी लक्ष द्यावे लागते.

ओव्हन आधी तापवून घेण्याविषयी वाद घालणारे पुष्कळ भेटतात. वीज फुकट जाते, थंड ओव्हनात ठेवले तरी अखेर तापतेच ना, असा त्यांचा युक्तिवाद. याचा खुलासा वरच्या निरीक्षणातच आहे. थंड ओव्हन तापत असताना पट्टी प्रवाह तोडतच नाही. सळ्या अकरा-बारा मिनिटे सलग लाल राहतात, आणि दोन्ही सळ्यांवर बटण असेल तर तेवढा सारा वेळ वरची सळी पिठाला थेट करपवीत असते, आतली हवा मात्र अजून कोमटच असते. पदार्थ वरून जळतो आणि आतून कच्चा राहतो तो बहुतेक वेळा या आळसामुळे. दार वारंवार उघडण्याचा तोटाही याच कारणाने दुहेरी आहे. वाळूने भरलेला कुकर म्हणजे उष्णतेचे कोठारच. त्याचे झाकण एकदा उचलले तरी वाळूत साठवलेली आच तूट भरून काढते. ओटीजीचे पत्रे पातळ, साठा नाममात्र. दार उघडताच गरम हवा निघून जाते, पट्टी घाबरून प्रवाह जोडते, आणि सळ्या पुन्हा लाल होऊन वरच्या थराला आणखी एक चटका देतात. म्हणजे प्रत्येक वेळी डोकावून पाहण्याची किंमत केकने मोजायची. काचेतून पाहावे, आतला दिवा नसेल तर टॉर्च लावून पाहावे, आणि सुई टोचून पाहण्याची घाई ठरलेल्या वेळेच्या तीन-चतुर्थांश भाग उलटेपर्यंत करू नये.

आकड्यांचा विषय निघालाच आहे, तर जुन्या वह्यांविषयी चार शब्द. आईच्या, सासूच्या वहीत ‘मंद आच’, ‘मध्यम आच’, ‘कडक आच’ एवढाच मजकूर असतो. माझ्या अनुभवाप्रमाणे त्यांचे भाषांतर अनुक्रमे १४० ते १५०, १७० ते १८० आणि २०० ते २२० अंश सेल्सिअस असे करावे. काही वह्यांत ३५० किंवा ४०० असे आकडे दिसतात, ते फॅरनहाइटचे. ३५० म्हणजे १७७ आणि ४०० म्हणजे २०४. एरवी दिलेल्या आकड्यातून ३२ वजा करून, पाचने गुणून नवाने भागावे. विलायती पुस्तकांत ‘गॅस मार्क’ अशी तिसरीच परिभाषा भेटते, कारण त्या देशात गॅसच्या भट्टीच्या चावीवर अंश न लिहिता एकपासून नऊपर्यंत क्रमांक लिहिण्याचा प्रघात पडला. त्यातला चौथा क्रमांक म्हणजे आपले १८०, सहावा म्हणजे २०० आणि पहिला म्हणजे १४०. परदेशी राहणाऱ्या भाचीने धाडलेली कृती क्रमांकात असेल, तर एवढी रुजुवात पुरते.

आतापर्यंत वरच्या सळीची निंदाच झाली. पण तिची बाजू मांडल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. आपल्या स्वयंपाकात खाली-वर निखारे ठेवून भाजण्याची फार जुनी रीत होती. सीकेपी घरांतला निनाव, म्हणजे भाजलेले डाळीचे पीठ आणि कणीक, गूळ, नारळाचे दूध यांचा तो खरपूस, वडीसारखा कापता येणारा पदार्थ, किंवा त्यांचेच भानोले, ही मुळात झाकणावर निखारे रचून करायची. गोव्याच्या बेबिंकेचा तर सारा जीवच वरच्या आचेत आहे. नारळाचे दूध, अंड्यांचा बलक, साखर आणि थोडा मैदा यांच्या मिश्रणाचा एक पातळ थर तुपावर ओतायचा, झाकणावर नारळाच्या सोडणांचा विस्तव ठेवून तो वरून तांबूस करायचा, मग त्यावर चमचाभर तूप, मग पुढचा थर, असे सात थर चढेपर्यंत अर्धा दिवस निघून जातो. या पदार्थाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मातीची चूल गेली आणि गॅस आला, तेव्हा हे वरचे निखारे आपल्या स्वयंपाकघरातून हद्दपार झाले. तव्यावर कोळसे ठेवून तो झाकण म्हणून वापरण्याची धडपड काही बायकांनी केली, पण कोळसे आणायचे कोठून आणि ठेवायचे कोठे? विजेच्या ओव्हनाची वरची सळी म्हणजे तेच निखारे, राखेवाचून आणि धुरावाचून. निनावासाठी दोन्ही सळ्या १७० वर ठेवून मिश्रण घट्ट होऊ द्यावे आणि शेवटची पाच-सात मिनिटे फक्त वरची ठेवावी. बेबिंकेचा पहिला थर दोन्ही सळ्यांवर धरू द्यावा; दुसऱ्यापासून पुढे खालची सळी बंद करून, २०० वर, जाळी एक खाच वर घेऊन, प्रत्येक थराला दहा-बारा मिनिटे द्यावीत आणि या कामात तेवढे दारापासून हलू नये, कारण तांबूस आणि काळा यांच्यामध्ये येथे एका मिनिटाचे अंतर असते. गॅसवर जे कधीच साधले नसते ते या यंत्रावर पहिल्या खेपेस साधले, तेव्हा माळ्यावर जागा करून ठेवली होती ती मी पुन्हा जुन्या पेट्यांना दिली.

विजेच्या जोडणीबद्दल लिहायला मला फारसे आवडत नाही, पण हयगय करून चालणार नाही. ओव्हन १५०० वॅटचा असेल तर आपल्या २३० व्होल्टांच्या विजेवर तो साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे दिव्यापंख्यांच्या बारीक खुंट्यांच्या सॉकेटला हा भार झेपत नाही; त्याला जाड पिनांचा, १६ अँपिअरचा पॉइंटच हवा. मी सुरुवातीला मोठी पिन लहान सॉकेटात बसवणारा एक जोड वापरला. दोन केक झाले, तिसऱ्याच्या वेळी घरात प्लास्टिक जळाल्याचा वास सुटला, आणि जोड काढून पाहिला तर त्याची एक बाजू वितळून सॉकेटला बसली होती. वायरमनने नवा पॉइंट काढून दिला, अर्थिंग तपासले आणि गीझर व ओव्हन एका वेळी लावू नका अशी सक्त ताकीद दिली. खर्चाचे म्हणाल, तर तापवण्याचा वेळ धरून पाऊण तासाच्या केकला एका युनिटाच्या आसपास वीज लागते, कारण सळ्या सर्व वेळ चालू नसतात. भाजता भाजता वीज गेली तर दार बंदच ठेवावे. केक अर्ध्याहून अधिक झाला असेल तर दहा मिनिटांचा खंड तो सोसतो, त्याआधी मात्र बसतो, आणि बसलेल्या केकचे पुडिंग करावे हे उत्तम. नवा ओव्हन आणल्यावर प्रथम तो रिकामाच, खिडक्या उघड्या टाकून, सर्वांत वरच्या आकड्यावर पंधरा-वीस मिनिटे चालवावा. सळ्यांवरचे कारखान्यातले तेल जळून धूर आणि वास येतो, तो एवढ्यापुरताच.

आता नानकटाईकडे वळते, कारण विजेच्या ओव्हनाची खरी कसोटी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात लागते. आमच्या लहानपणी घरोघरच्या बायका रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांतून भरून बेकरीत नेत. तेथे पत्र्याच्या लांबलचक ट्रेवर आपापल्या नानकटाया थापायच्या, ट्रेच्या कोपऱ्यात ओळख पटावी म्हणून एखादी बदाम लावलेली किंवा चौकोनी करून ठेवायची, आणि भट्टीवाला लांब दांड्याच्या फावड्याने ट्रे आत सारून बाहेर ओढीपर्यंत बाकावर ताटकळत बसायचे. भाजणावळ किलोवर असे. त्या भट्टीची उष्णता सर्व बाजूंनी सारखी आणि कोरडी होती, म्हणूनच तिच्यातून निघालेली नानकटाई तोंडात विरघळे. घरच्या ओव्हनात तसे हवे असेल, तर जाळी मधल्या खाचेत, दोन्ही सळ्या, १६० अंश, आणि अठरा ते बावीस मिनिटे. थापलेला ट्रे आत ठेवण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा, म्हणजे तूप घट्ट राहते आणि नानकटाई पसरण्याआधी आपला आकार धरते. गॅसवरच्या सवयीने वरून बदामी रंग येईपर्यंत थांबू नये. नानकटाई वरून फिकट, कडेला जेमतेम बदामी आणि ट्रेमध्ये असताना मऊच लागली पाहिजे, निवाल्यावर ती कडक होते. मऊ आहे म्हणून आणखी पाच मिनिटे ठेवलेली माझी पहिली खेप दारावर येणाऱ्या कावळ्यांनीदेखील चहाशिवाय खाल्ली नसती.

पहिला घाणा जितका वेळ घेतो, तितका दुसरा घेत नाही. भिंती, ट्रे, जाळी सारे एव्हाना तापलेले असते, म्हणून दुसऱ्या घाण्यापासून दोन-तीन मिनिटे कमी धरावीत. आणि तापलेल्या ट्रेवर कच्च्या नानकटाया कधी थापू नयेत, त्यांचे तूप तेथल्या तेथे सुटते, त्यापेक्षा दोन ट्रे आलटून पालटून वापरावेत. प्रत्येक घाण्याचा आकडा, खाच, सळी आणि मिनिटे मी ओव्हनच्या शेजारी दोऱ्याने बांधलेल्या वहीत टिपून ठेवते. ही वही आता माझ्या सुनेला माझ्या सर्व कृतींपेक्षा अधिक उपयोगी वाटते. शेवटचा घाणा बाहेर काढण्याच्या दोन मिनिटे आधीच ओव्हन बंद करावा, सळ्यांतली उरलेली आच तेवढे काम पुरे करते. ट्रे काढून घेतल्यावरही आतली ऊब बराच वेळ टिकते. तिच्यात चिवड्यासाठी आणलेले पातळ पोहे एका परातीत पसरून, दार बोटभर उघडे ठेवून सारून द्यावेत, म्हणजे नानकटाया निवेपर्यंत ते कुरकुरीत होऊन फोडणीला तयार असतात.